हात की गाडी

आमचे हे रिटायर झाल्यावर लोक विचारायचे, आता वेळ कसा घालवता? हे सांगायचे, रेसिंग करतो. समोरच्याच्या डोळ्यांपुढे काय यायचं कोण जाणे. मी मात्र लगेच हातानं दाखवायचे, एवढीशी गाडी. बुटाच्या खोक्यापेक्षा जराशी मोठी, रिमोटवर पळणारी. पण तिला खेळणं म्हटलेलं ह्यांना चालत नाही. खेळण्याला इतके स्पेअर पार्ट लागतात का, असं ते विचारतात. मुद्दा बिनतोड आहे, कारण ते सगळे पार्ट माझ्या साड्यांच्या कपाटात आहेत.

ह्यांच्यासारखे आणखीही काही जण नाशकात निघाले, हे मला नंतर कळलं. कुणी सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कुणी दातांचा डॉक्टर, आणि एक सायखेड्याचा द्राक्षबागायतदार. त्या बागायतदारानं नदीच्या बाजूची, जुनी बाग काढून मोकळी झालेली जमीन दिली आणि ह्या मंडळींनी तिथं मातीचा ट्रॅक केला. चढ, उतार, उड्या, वळणं, कडेनं पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप टाकून आखलेली हद्द. ज्यांनी घरातल्या कुंडीची माती कधी बदलली नाही ते पुरुष रविवारी पहाटे उठून तिथं पाणी मारतात आणि धुमसानं जमीन ठोकतात. आम्हा बायकांना हे सगळं बघून हसावं की रडावं कळत नाही. बहुतेक वेळा आम्ही हसतो.

मग क्लबनं परदेशातल्या स्पर्धकांना बोलावणं धाडलं. ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. हॉटेलात उतरवलं तर त्यांना नाशिक काय कळणार, असं म्हणून मंडळींनी पाहुणे घराघरांत वाटून घेतले. अतिथी देवो भव म्हणायला ह्यांचं काय जातं, नैवेद्य मला करावा लागतो.

आमच्या वाट्याला स्लोव्हेनियाचं एक जोडपं आलं. मी शाळेत भूगोल शिकवायचे, तरी नकाशा काढून बघावा लागला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "भात खातात का?" खातात म्हटल्यावर त्यांच्या दृष्टीनं भूगोल संपला.

पंचवटीतली आमची गल्ली अशी, की सकाळच्या वेळी भाजीच्या गाड्यांमधून सायकल निघाली तरी मिळवली. टॅक्सी तोंडाशीच थांबली. तिथून पाहुणा आपल्या गाडीचं खोकं दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून चालत आला. धिप्पाड, थोडा वाकलेला, चेहऱ्यानं गरीब. ह्यांनी खोकं घ्यायला हात पुढे केला तर त्यानं मान हलवली आणि आणखी घट्ट धरलं. मी मनात म्हटलं, झालं, आमच्यापेक्षा वरताण निघाला. तो त्याच्या गावात सिटी बस चालवायचा आणि नुकताच निवृत्त झाला होता. त्याची बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, त्यामुळे माझ्या ओट्यापर्यंत यायला तिला आमंत्रण लागलं नाही. बोलणं सगळं इंग्रजीत. त्यांचं मोडकं, आमचंही मोडकं, म्हणून चांगलं जमलं.

फक्त चहाचं जमेना. पहिल्याच दिवशी मी आलं, गवती चहा घालून चहा केला आणि कपाटातल्या चांगल्या कप-बश्या काढल्या. त्यानं कपाला हात लावला नाही. दुपारीही नाही. चहा समोर निवत राहिला आणि तो सासूबाईंकडे बघून हसत राहिला. माझा स्वभाव तापट, मला राग आला. आवडत नसेल तर तसं सांगावं माणसानं, साय धरेपर्यंत ठेवायचा कशाला? सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला दूध चालत नसेल." दुसऱ्या दिवशी मी बिनदुधाचा केला. तोही निवला.

त्या दिवशी दुपारी त्याची बायको आणि मी मटार सोलत बसलो होतो. थंडीचे दिवस, मटार स्वस्त, आणि संध्याकाळी क्लबचे सगळे आमच्याकडे जेवायला. तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालत होता. मान खाली घालून ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तुमच्या चहाचा वास फार आवडतो."

मी म्हटलं, "मग पीत का नाहीत?"

"कप उचलला की बशीवर वाजतो," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाईंसमोर त्याला लाज वाटते."

मग तिनं सगळं सांगितलं. त्याला कंपवाताची सुरुवात होती. उजवा हात मधूनच थरथरायचा, म्हणून वेळेआधीच निवृत्ती घेऊन बस सोडावी लागली होती. बस सुटल्यावर तो खिडकीशी बसून राहायला लागला. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. फक्त ज्या दिवशी गाड्यांची शर्यत असेल त्या दिवशी तो उठून आंघोळ करायचा आणि शीळ घालत बाहेर पडायचा. पण त्यानं आता स्वतःलाच एक शब्द दिला होता. ज्या शर्यतीत माझ्या हातामुळे गाडी चुकेल, ती शेवटची. त्यानंतर रिमोटला हात लावायचा नाही.

"मी असं काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानंच ठरवलं. बस चालवताना एकही अपघात केला नाही त्यानं. इथंही आपल्या हातून काही व्हायच्या आधी थांबायचं म्हणतो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला त्या खिडकीची भीती वाटते," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

ह्यातलं अक्षरही माझ्या नवऱ्याला सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. ह्यांना कळलं की क्लबला कळणार, क्लबला कळलं की सगळे त्याच्याशी हळुवार वागणार, आणि कुणी कीव केली तर तो तिथल्या तिथं बॅग भरेल. मी शब्द दिला. संध्याकाळी सासूबाईंना गच्चीतले कपडे आणायच्या निमित्तानं वर पिटाळलं आणि त्याच्यासमोर स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा ठेवला. बशी नाही, कान नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. दोन्ही हातांच्या ओंजळीत पेला धरून त्यानं तो चहा संपवला आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला. त्या क्षणापासून तो माणूस मला आमच्या घरचाच वाटायला लागला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सासूबाई आमच्या आधी तयार होत्या. आमच्या घरातून परीक्षेला, मुलाखतीला किंवा शर्यतीला कुणी औक्षणाशिवाय बाहेर पडत नाही. ह्यांना तर त्या प्रत्येक शर्यतीला ओवाळतात. हे आजवर एकदाही जिंकलेले नाहीत. पण सासूबाईंचं म्हणणं, न ओवाळता गेला असतास तर काय झालं असतं त्याचा विचार कर.

पाहुण्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी त्याला विचारलं होतं, ह्यात पेट्रोल कुठं घालतात? म्हणून तो बिचारा गाडीचं वरचं पिवळं टरफल काढून, आतली बॅटरी-मोटर त्यांना दाखवायला हॉलमध्ये उभा होता. तेवढ्यात सासूबाई तबक घेऊन आल्या. त्याला पाटावर उभं केलं. तो शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला, उघडी गाडी दोन्ही हातांत धरून. त्यांनी त्याला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. बायकोच्या डोक्यावर टाकल्या. मग म्हणाल्या, "खरी पळायची आहे ती ही," आणि उरलेली मूठ गाडीवर मोकळी केली. सासूबाई अक्षतांना कुंकवाबरोबर तुपाचं बोट लावतात, म्हणजे कपाळाला नीट चिकटतात. पाहुण्याला हे सगळं इतकं आवडलं की त्यानं बायकोला फोटो काढायला लावले. हातावर दही-साखर घेतली, गाडी जरा झटकली, टरफल बसवलं आणि निघालो. ह्यांची गाडी नेहमी पिशवीत बंद असते, त्यामुळे काही होऊ शकेल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सायखेड्याला पोचलो तर जत्रा. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं बांधावर पोरंबाळं घेऊन बसली होती. बागायतदार मला म्हणाला, "ताई, लय वर्षं बाग व्हती हितं, पण एवढी माणसं कधी बगाया आली नाय." द्राक्षावर पाखरं येऊ नयेत म्हणून राखणीला मचाण बांधतात, तसंच मोठं मचाण त्यानं ट्रॅकच्या कडेला बांधलं होतं. त्यावर रिमोट घेऊन स्पर्धक उभे राहायचे आणि खाली गाड्या धुरळा उडवत पळायच्या. आम्ही मांडवात एक टेबल धरलं. सासूबाई कानटोपी, स्वेटर घालून खुर्चीवर बसल्या.

आधी पात्रता फेरी असते. त्यात जो जसा चालवेल त्याप्रमाणे त्याला वरची फायनल मिळते की खालची, आणि तिच्यातली जागा कोणती, ते ठरतं. पाहुणा मचाणावर चढला. त्यानं कोपर कठड्याला टेकवलं, हात पोटाशी घेतला, आणि गाडी सुटली. पहिलं उजवं वळण असं काही सुरेख घेतलं की बांधावरची माणसं ओरडली. मग डावं वळण आलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन पाइपावर आदळली. कडेला उभ्या असलेल्या एकानं उचलून ती मार्गी लावली. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. उजवीकडे झकास, डावीकडे धडक. त्यानं वेग कमी केला, तरी तेच. त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. ती गाडीकडे बघतच नव्हती, नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. वेळ संपायच्या आत त्यानं गाडी कडेला घेतली आणि मचाणावरून खाली उतरला.

टेबलाशी येऊन त्यानं गाडी ठेवली आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. खिशातून मऊ फडकं काढून रिमोट पुसला आणि त्यात गुंडाळायला लागला. बायकोला त्यांच्या भाषेत एवढंसं काहीतरी म्हणाला. ती माझ्याकडे बघायला लागली. तिला काही सांगावं लागलं नाही.

आमचे हे बाकी कशात नसले तरी पाहुणचारात पुढे. पाहुण्याची गाडी धुळीनं माखली म्हणून ती घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ब्रशनं साफ करायला बसले. मी त्यांच्या मागोमाग गेले, खरं तर त्या दोघांना एकटं सोडावं म्हणून. ह्यांनी टरफल काढलं, फुंकर मारली, ब्रश फिरवला. आणि थांबले. बारीक चिमटा उचलला, चाकं वळवणाऱ्या दांड्याशेजारच्या फटीतून काहीतरी काढलं आणि मूठ मिटली.

"काय आहे?"

"काही नाही."

ह्यांचं 'काही नाही' मला चांगलं ओळखू येतं. मी मूठ उघडायला लावली. धुळीनं मळलेला, कुंकवाचा लाल तांदूळ.

"आईची अक्षता," हे दबक्या आवाजात म्हणाले. "दांडा डावीकडे सरकला की हिच्यावर अडत होता. तू बोलू नकोस कुणाला. काढलीय मी, फायनलला गाडी सरळ चालेल. बाहेरचे लोक काय म्हणतील, ओवाळून गाडी बिघडवली? क्लबची शोभा होईल. आणि आईला कळलं तर ती दोन दिवस जेवायची नाही."

त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. पण पाहुणा आता फायनलला उतरणारच नव्हता, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

"अहो, त्याला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण का?"

"का ते विचारू नका. एकदा माझं ऐका."

"काय रे, काय लपवतोयस?" मागून सासूबाईंचा आवाज. त्यांना दिसतं कमी, पण कुणी काही लपवलं की बरोबर दिसतं. त्यांनी ह्यांच्या तळहातावरचा दाणा उचलला, डोळ्यांजवळ नेला. "अक्षता आहे की. माझीच. ह्यानं अडली गाडी?"

"तसं नाही, आई..."

"तसंच आहे. तांदूळ माझा, चूक माझी, मग तू कशाला तोंड लपवतोस? चल गं, तू इंग्रजीत सांग." आणि दाणा चिमटीत धरून त्या निघाल्यासुद्धा. गाडी उचलून मी मागे.

पाहुणा खोक्याचं झाकण लावत होता. सासूबाईंनी दाणा त्याच्यापुढे धरला. मी सांगायला सुरुवात केली, पण माझ्या इंग्रजीत औक्षण कसं सांगायचं? शेवटी मी गाडी त्याच्यापुढे ठेवली, ती फट दाखवली आणि म्हटलं, "हा इथं होता."

त्यानं बोटानं चाकं डावीकडे वळवली. वळली. मग दाणा घेऊन स्वतःच फटीत ठेवला आणि पुन्हा वळवली. अडली. दाणा काढला, वळवली. ठेवला, वळवली. किती वेळ तो तेच करत होता. मग बायकोकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, आणि ती होती तिथं खुर्चीत बसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतो, हात नव्हता." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "म्हणतो, हात नव्हता, गाडी होती."

आणि तो हसायला लागला. एवढा मोठा देह गदगदा हलवत, डोळे पुसत हसत राहिला. सासूबाई बोलणी खायच्या तयारीनं उभ्या होत्या, त्या गोंधळल्या. मला म्हणाल्या, "रागवायचं सोडून हसतोय काय हा?"

"आई, तुमच्यामुळे गाडी अडली ह्याचा त्याला आनंद झालाय."

"वेडा आहे का जरा?"

हे लांबून बघत होते. त्यांना काहीच उलगडलं नाही, पण पाहुणा रागावलेला नाही एवढं बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. पाहुण्यानं रिमोट फडक्यातून सोडवला, गाडीचं टरफल घट्ट बसवलं, वरून दोनदा दाबून पाहिलं, आणि मगच सासूबाईंपुढे कपाळ केलं. सकाळचं कुंकू घामानं पुसलं होतं. सासूबाईंनी आपल्या कपाळाचं बोटाला घेऊन त्याला लावलं. "आता नुसतं कुंकू," त्या म्हणाल्या.

पात्रतेत मागे पडल्यामुळे तो खालच्या फायनलला, सगळ्यांत शेवटच्या जागेवरून सुटला. आमचे हेही त्याच फायनलला होते. हे कायम खालच्या फायनललाच असतात. मध्यावर पाहुण्यानं ह्यांना मागे टाकलं. मुद्दाम जाऊ दिलंत का, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, मुद्दाम हरायला आधी जिंकता यावं लागतं.

काय चालवली त्यानं गाडी. डावं वळण, उजवं वळण, उडी, सगळं एका लयीत. बस चालवणारा माणूस मागे बसलेल्यांना धक्का लागू नये म्हणून जसं वळण घेतो, तसं. एकेकाला मागे टाकत तो वर सरकत होता. बांधावरच्या बायका "ते पाहुण्याचं पिवळं" म्हणून त्याच्याच गाडीकडे बघत होत्या. त्याच्या बायकोनं माझा हात धरला होता.

शेवटी शेवटी गाडी परत त्या डाव्या वळणाला आली आणि सरळ जाऊन पाइपावर आदळली.

ह्या वेळी गाडीत काही नव्हतं. आम्ही दोघींनी वर पाहिलं होतं. कठड्याला टेकवलेलं कोपर सुटलं होतं, आणि रिमोटवरचा त्याचा हात थरथरत होता. तो थांबवायला त्याला दुसरा हात त्याच्यावर दाबून धरावा लागला. तोवर दोन गाड्या पुढे निघून गेल्या. कुणीतरी त्याची गाडी उचलून सरळ केली. माझ्या हातावरची पकड एकदम सैल झाली. मला वाटलं, आता तो उतरणार. तो उतरला नाही. गाडी हळूहळू निघाली, पुढचं वळण तिनं घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं आणि मधल्याच कुठल्यातरी नंबरावर शर्यत संपवली. आमचे हे त्याच्या मागून आले.

तो मचाणावरून खाली उतरला, गाडी काखेत घेऊन आमच्याजवळ आला. त्याची बायको काही विचारेना. मीही एकदाचं तोंड आवरलं. पण माझ्या बघण्यावरूनच मला सगळं ठाऊक आहे हे त्याला कळलं असावं. मला कळावं म्हणूनच असेल, तो इंग्रजीतच बोलला.

"ह्या वेळी हात होता," तो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

त्यानं गाडीवरची धूळ बाहीनं पुसली. "मग काय," तो म्हणाला, "पुढच्या वेळी त्या वळणावर जरा आधी ब्रेक मारायचा."

त्याची बायको वळली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला रडू दिलं, मलाही आवरत नव्हतं. तो पुढच्या वेळेबद्दल बोलला होता, आणि तेवढं ऐकायला ती बाई स्लोव्हेनियाहून सायखेड्यापर्यंत आली होती.